चौथ्या मजल्यावरचा रुसवा

मिरजेच्या त्या इस्पितळात शरीर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि मन चौथ्या. तिसऱ्यावर उपाहारगृह होतं. शरीराकडून मनाकडे पाठवलेला माणूस वाटेत इडली खाऊन जाई आणि मनाकडून शरीराकडे परत आलेला कॉफी पिऊन. उपाहारगृह उत्तम चाललं होतं.

पद्मावती चौगुल्यांना त्या इडलीचा आता वीट आला होता.

सांगलीत त्यांना सगळे पद्माताई म्हणत. निम्म्या गावाची लग्नं आपण जुळवली आणि उरलेल्या निम्म्याची मोडता मोडता वाचवली, असं त्या सांगत. त्यातलं अर्धं तरी खरं होतं. पुढे कंपवातानं उजवा हात धरला आणि वधूवर केंद्र बंद करावं लागलं. थरथरत्या हातानं मुलीची पत्रिका पुढे केली की समोरचे लोक पत्रिका सोडून हाताकडेच बघत बसायचे.

मग 'समतार' आलं. डोक्यात दोन तारा, गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढी डबी. हात थांबला, चाल सुधारली, सहीसुद्धा पूर्वीसारखी यायला लागली. पद्माताईंचे यजमान धनपाल साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते या डबीच्या प्रेमातच पडले. आल्यागेल्याला दाखवत, "बघा, हात कसा दगडासारखा!"

हात दगडासारखा होता. तक्रार हाताची नव्हतीच.

चौथ्या मजल्यावर डॉक्टर भेटण्याआधी एक काचेची खोली लागे. तिचं नाव 'मनमापक'. आत एक खुर्ची, एक पडदा आणि पडद्यावर काठापदराची साडी नेसलेली एक बाई, जी बाई नव्हती. ती प्रश्न विचारी, आवाज ऐके, चेहरा न्याहाळी आणि समतारच्या डबीतून मेंदूची खबर परस्पर काढून घेई. मग ती ठरवी की या माणसाला खऱ्या, हाडामांसाच्या मनोविकार डॉक्टरांची गरज आहे की नाही. बहुतेकांना नसे.

"नमस्कार पद्मावती. आज कसं वाटतंय?"

पद्माताई घरून ठरवून आल्या होत्या. दुपारी काय होतं ते सगळं सांगायचं, लाजायचं नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून हसूच आलं.

"झकास!" त्या म्हणाल्या. एवढ्यावर भागलं नाही. पडद्यावरच्या बाईला त्यांनी साडीचा काठ सुरेख आहे म्हणून सांगितलं आणि कुठल्या दुकानातली, तेही विचारलं.

"अभिनंदन!" बाई म्हणाली. "आपण प्रसन्न आहात. आपल्याला मानवी डॉक्टरांची आवश्यकता नाही."

बाहेर धनपाल पिशवी सांभाळत उभे होते. "काय म्हणाले?"

"मी सुखी आहे म्हणाले."

"बघ! मी सांगत नव्हतो?"

परतताना गाडी सांगलीच्या विश्रामबागेपाशी येईपर्यंत ते सुख उतरलं. पद्माताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अहो, मी आत गेले की मला काय होतं? दर वेळी तेच. सांगायला जाते एक आणि निघतं भलतंच."

"असतं एखाद्याचं तसं," धनपाल म्हणाले आणि उगाचच हॉर्न वाजवला.

आता हे समतार काय करतं, ते थोडक्यात सांगायला हवं. मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना वालाच्या दाण्याएवढा एकेक पुंजका असतो. कंपवातात डोपामिन नावाचं रसायन करणाऱ्या पेशी मरत जातात. ते रसायन आटलं की या पुंजक्यातल्या पेशी एकाच ठेक्यात अडकतात. रस्ताभर पसरलेला मोर्चा एकच घोषणा देत जागच्या जागी उभा राहिला, तर पलीकडे जाणाऱ्याची जी गत होते, तीच मेंदूकडून हाताकडे निघालेल्या हुकमाची होते. समतारच्या तारा हा ठेका सतत ऐकत असतात. तो चढायला लागला की नेमक्या क्षणी विजेची बारीकशी टिचकी मारून घोषणा मोडतात. वाट मोकळी होते, हात चालतो.

पण कंप हा या आजाराचा चारचौघांना दिसणारा भाग. त्याच पडझडीत मनाला उभारी देणारी रसायनंही जातात. तेव्हा कंपवाताच्या माणसाची उदासी ही 'आजारी आहे म्हणून बिचाऱ्याला वाईट वाटतं' एवढीच नसते. ती आजारच असते, हाताच्या थरथरीइतकी अस्सल. फक्त ती दिसत नाही. आणि जे दिसत नाही, ते चौथ्या मजल्यावर पाठवायची पद्धत आहे.

पद्माताईंची उदासी दुपारी येई. जेवणानंतर समतार थोडा वेळ वीज कमी करून स्वतःची जुळणी करून घेई. पाय जड होत, आवाज आत जाई आणि त्या दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून राहत. उठावंसं वाटत नसे. उठून काय करायचं, तेही सुचत नसे. मग एक विचार येई. अगदी साधा, भाजीत मीठ घालायचं राहिलं हे आठवावं इतका साधा: आपण नसलो तरी चालेल.

त्यांना भीती त्या विचाराची नव्हती. तो इतका सवयीचा होत चालला होता, याची होती. कुणाला तरी तो सांगायला हवा होता. ऐकून घाबरणार नाही, 'असं बोलू नये' म्हणणार नाही, अशा कुणाला तरी. चौथ्या मजल्यावर त्यांना तेवढंच हवं होतं.

घरी त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. धनपाल ताडकन उठले आणि म्हणाले, "थांब, चहा टाकतो."

आणि खरं म्हणजे चहानं बरं वाटलं! तेव्हापासून रोजचंच झालं. दुपारचं मळभ आलं की धनपाल स्वयंपाकघरात जात, चहा टाकत, आणि कप हातात येईपर्यंत पद्माताई गुणगुणायला लागलेल्या असत. शेजारणींना त्या सांगत, "डॉक्टरबिक्टर सगळं झूट. आमच्या ह्यांच्या हाताला काय गुण आहे बघा." हे सांगताना त्यांना नव्या नवरीसारखं लाजायला होई.

एका दुपारी धनपाल चहा टाकायला गेले. पद्माताईंचं मळभ सरलं, एक जुनं गाणं ओठावर आलं, आणि तेवढ्यात धनपाल रिकाम्या हातांनी बाहेर आले.

"अगं, दूध नासलं."

"नासू दे!" पद्माताई खळखळून हसल्या.

हसू संपलं. समतारनं पूर्ण वीज घेतली, संध्याकाळ झाली, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली आणि भांडी आवरताना पद्माताईंचा हात मध्येच थांबला. चहा झालाच नव्हता. मग मला चढलं काय?

त्या काही बोलल्या नाहीत. धंद्यात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. पाहुणे सांगून येतात तेव्हा घर दिसत नाही, दाखवलेलं दिसतं. मुलगी पावडर लावून बसते, मुलगा उसना कोट घालतो, सासू गोड बोलते. म्हणून स्थळ पक्कं करण्याआधी पद्माताई भलत्याच वेळी त्या घरी जायच्या, चपला न वाजवता थेट स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "जरा पाणी देता?" पाणी कोण देतं, कुणावर ओरडून देतं, तांब्या कसा असतो, सून दचकते की हसते, यातून त्यांना जे कळे ते दहा बैठकांत कळत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनपाल "चहा टाकतो" म्हणून उठले. पद्माताईही उठल्या. त्या वेळी त्यांचे पाय फरशीला चिकटलेले असत. भिंत धरून, एकेक पाऊल सोडवत त्या दारापर्यंत गेल्या.

"अहो, जरा पाणी देता?"

धनपाल ओट्याशी पाठमोरे उभे होते. गॅस बंद होता. ओट्यावर फोन होता आणि फोनवर पद्माताईंचाच फोटो, लेकीच्या लग्नातला, नथ घातलेला. फोटोखाली पिवळ्या गोल तोंडांची रांग होती. डावीकडे रडणारं, उजवीकडे दात काढणारं. धनपालांचं बोट उजवीकडे निघालं होतं.

"काय करालाय?"

"चहा..."

"गॅस पेटवा की मग."

समोरासमोर विचारल्यावर धनपालांना खोटं बोलता येत नसे. आजवर कुणी थेट विचारलं नव्हतं. जे होतं ते त्यांनी सांगून टाकलं. त्या वालाच्या दाण्यात हालचालीचा भाग आणि भावनांचा भाग अगदी लागून असतो, मध्ये कुंपण नाही. वीज जराशी पलीकडे सांडली तर माणूस विनाकारण हसतो, नाहीतर रडतो. पूर्वीचे डॉक्टर याला चूक म्हणत आणि ती होऊ नये म्हणून जपत. समतारच्या कंपनीनं त्या चुकीचं नाव 'प्रसन्न' ठेवलं आणि तिची वेगळी वर्गणी लावली. ताबा रुग्णाकडे नाही, 'काळजीवाहका'कडे. रुग्णाच्या हाती दिला तर तो दिवसभर हसतच बसेल, असं कंपनीचं म्हणणं. घरच्यांनी त्याला दिवसभर हसवत ठेवलं तर काय, यावर कंपनीचं काही म्हणणं नव्हतं.

"दुसऱ्या मजल्यावरच्या मिठारे डॉक्टरांनीच सुचवलं," धनपाल म्हणाले. "तुला त्रास होतो, मला बघवत नाही..."

"आणि मिरजेला जाताना?"

धनपाल फडकं उचलून ओटा पुसायला लागले.

"विचारतेय मी. मिरजेला जाताना?"

"गाडी लावताना. जरासंच. अगं, तिथं आपल्या ओळखीची माणसं असतात. तू सगळ्यांच्या देखत रडायला लागलीस म्हणजे?"

पद्माताईंनी चौकट घट्ट धरली. "मला बघायला डॉक्टर बसले होते," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही मला पावडर लावून आत पाठवलंत! मी मरायच्या गोष्टी सांगायला गेले होते, आणि त्या बाहुलीला साडी कुठली विचारून आले! आणि तो चहा! शेजारीपाजारी सांगत सुटले मी, ह्यांच्या हाताला गुण..."

आवाज चढला. इतका चढला की शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. आणि धनपाल घाबरले. घाबरून त्यांनी जे रोज करत तेच केलं.

पद्माताईंना कळलं. पोटातून वर आलेला राग गळ्याशी पोचता पोचता मऊ पडला, ऊन लागलेल्या तुपासारखा. त्याच्या जागी गुदगुल्या आल्या.

"मी तुमचा जीव घेईन," त्या म्हणाल्या, आणि त्यांना त्या वाक्याची इतकी गंमत वाटली की त्या हसतच सुटल्या. "लाटण्यानं घेईन! खरंच घेईन!" चौकटीला टेकून त्या हसत होत्या. धनपालही सुटल्यासारखे हसले. मग त्यांचं लक्ष बायकोच्या डोळ्यांकडे गेलं. तोंड हसत होतं. डोळे विहिरीत पडलेल्या माणसासारखे वर बघत होते.

त्यांनी बोट झटकन डावीकडे, रोजच्या जागी ओढलं. हसू थांबलं. पद्माताई दाराशीच खाली बसल्या, आणि धनपालही फरशीवर बसले.

"राग होता तो," पद्माताई म्हणाल्या. "माझा होता. हात गेला, पाय गेले, धंदा गेला. तेवढा एक शिल्लक होता. तोपण घेतलात."

धनपालांनी मिरजेची वेळ घेतली.

दुसऱ्या मजल्यावर डॉ. मिठारे बसत. तरुण, चकचकीत गृहस्थ. ते पद्माताईंशी बोलत, पण बघत धनपालांकडे.

"प्रसन्न बंद करायचंय? कशाला? मावशींचे आकडे तर उत्तम आहेत."

"मी इथं बसलेय," पद्माताई म्हणाल्या.

"हो मावशी, दिसताय की. हे बघा काका, पूर्ण बंद असं करता येत नाही. खाली आणता येतं, तेही तुमच्या अंगठ्यानं. शिवाय दोन्हींची वीज एकमेकींत गुंतलेली असते. प्रसन्न खाली आणलंत की हातही थोडा सुटेल, पुन्हा थरथरेल. एवढा छान स्थिर झालेला हात..."

"मला चौथ्या मजल्यावर खरं बोलायचंय," पद्माताई म्हणाल्या. "त्यासाठी हात सुटला तर सुटू दे. मेंदू माझा, अंगठा ह्यांचा, आणि आकडे तुमचे. मग मी इथं कशासाठी येते? इडली खायला?"

डॉ. मिठाऱ्यांनी मान हलवत पडद्यावर काहीतरी टिपलं. "चिडचिड वाढलेली दिसते. ते लक्षण आहे मावशी."

"ते लक्षण नाही," पद्माताई म्हणाल्या. "ते मत आहे."

मत टिपायला पडद्यावर जागा नव्हती.

लिफ्टपाशी धनपाल थांबले. फोन त्यांच्या हातात होता, बायकोचा नथीतला फोटो वर बघत होता. पद्माताईंनी विनवणी केली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी केली होती. स्वतःसाठी करायची नव्हती.

"हात थरथरेल," धनपाल म्हणाले.

"थरथरू दे."

"लोक बघतील गं."

"त्यासाठीच तर चाललेय. बघायला कोणी नसेल तर वर कशाला जायचं?"

लिफ्ट आली, गेली. पुन्हा आली. धनपालांनी अंगठा टेकवला आणि पिवळ्या तोंडांच्या रांगेत बोट रोजच्या जागेहून आणखी डावीकडे नेलं, मधल्या तोंडापर्यंत, जे ना हसत होतं ना रडत होतं. लिफ्टचं दार उघडेपर्यंत पद्माताईंच्या उजव्या हाताची बोटं, ओळखीचं कोणी दिसावं तशी, हलायला लागली.

"नमस्कार पद्मावती. आज कसं वाटतंय?"

"वाईट," पद्माताई म्हणाल्या. आवाज खोल गेलेला, शब्द एकमेकांना चिकटलेले. "दुपारी... असं वाटतं की मी..."

"आपला आवाज स्पष्ट येत नाही. उजव्या हातात कंप आढळला. चेहऱ्याची हालचाल मंद आहे. आपली समस्या हालचालीची आहे. कृपया दुसऱ्या मजल्यावर जा. धन्यवाद."

हसली तर सुखी. थरथरली तर दुसरा मजला. मधे कुठे माणूस मावेल एवढी फट त्या यंत्रात ठेवलेलीच नव्हती.

पद्माताई उठल्या नाहीत.

"धन्यवाद," यंत्र पुन्हा म्हणालं.

पद्माताईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बसून राहिल्या. असंख्य मांडवांत त्यांनी वरमायांचे रुसवे काढले होते. मानाची साडी हलकी निघाली, पंगतीत विचारलं नाही, कारण काहीही असो. वरमाय एकदा कोपऱ्यात तोंड फिरवून बसली की बँड थांबतो, पंगत थांबते, अक्षता मुठीत तशाच राहतात. आणि रुसलेल्या बाईला फोन करून, निरोप धाडून भागत नाही. कुणीतरी मानाच्या माणसानं समोर येऊन, खाली वाकून विचारावंच लागतं. या यंत्राला पुष्कळ शिकवलं होतं, पण कुणी रुसलं तर काय करायचं, ते शिकवायचं राहून गेलं होतं.

खुर्ची रिकामी झाल्याशिवाय पुढचा माणूस आत घेता येत नव्हता. "धन्यवाद," यंत्र म्हणत राहिलं. बाहेर रांग वाढली. सुरक्षारक्षक आला.

"मावशी, उठा की. लोकं खोळंबलीत."

"मीपण खोळंबलेय. केव्हाची."

रक्षकानं धनपालांकडे बघितलं. "काका, सांगा की जरा."

"मी सांगणार नाही," धनपाल म्हणाले. आपण असं बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

रांगेतून एक बाई पुढे आली. "पद्माताई न्हवं? अहो, माझं लग्न तुम्हीच जमवलंत!"

पद्माताईंनी मान किंचित फिरवली. "टिकलंय का?"

"टिकलंय म्हणायचं."

"मग बैस तिथं. मला वेळ लागणार आहे."

ती बाई बसली. तिचं बघून आणखी दोघं बसली. रक्षकाला रांग हाकलायचं शिक्षण होतं. बसलेल्या रांगेचं काय करायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं एका सुरकुतल्या शर्टातल्या माणसाला घेऊन आला. चौथ्या मजल्यावर खरोखरचा डॉक्टर आहे, हे रांगेतल्या पुष्कळांना तेव्हाच कळलं.

डॉ. मुजावर काचेच्या खोलीत आले. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून उकिडवे बसले.

"काय झालं, आई?"

"आता आलात?" पद्माताई म्हणाल्या. "आधी पाणी विचारा."

डॉक्टर उठले आणि पाणी स्वतः घेऊन आले. पद्माताईंनी पेला घेतला. तो खुर्चीच्या कडेवर वाजला, डुचमळला, निम्मं पाणी साडीवर सांडलं. धनपाल रुमाल घेऊन धावले.

"राहू दे," पद्माताई म्हणाल्या. "बघू दे त्यांना."

डॉक्टरांनी बघितलं. घाई केली नाही. मग म्हणाले, "आत माझ्या खोलीत चला. पंखा जरा वाजतो, पण खुर्च्या आहेत."

"तुमचं लग्न झालंय का?"

"झालं आणि मोडलं."

"माझ्याकडे यायला हवं होतं." पद्माताई भिंत धरून उठल्या.

डॉक्टर धनपालांना बाहेर थांबवणार होते, पण फोन वाजला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'पद्मावती यांची प्रसन्नता घसरली आहे. वाढवायची?' खाली दोन बटणं होती. एक 'हो', दुसरं 'थोड्या वेळाने'. 'नको' असं बटण कंपनीनं ठेवलेलंच नव्हतं. आणि काहीच दाबलं नाही तर यंत्र त्याचा अर्थ 'हो' असा घेई.

"अंगठा ह्यांचाच लागतो," पद्माताई म्हणाल्या. "बसू दे त्यांना. ऐकू दे."

धनपाल बसले. फोन मांडीवर ठेवला आणि 'थोड्या वेळाने' दाबलं.

मग पद्माताई बोलायला लागल्या. आवाज खोलच होता, डॉक्टरांना पुढे झुकावं लागत होतं. त्यांनी दुपार सांगितली. मिठाशिवायच्या भाजीइतका साधा तो विचार सांगितला. डॉक्टर घाबरले नाहीत. 'असं बोलू नये' म्हणाले नाहीत. "रोज येतो का?" एवढंच विचारलं आणि तिथून पुढे कितीतरी वेळ त्या विचाराबद्दलच, न बिचकता विचारत गेले. धनपाल फरशीकडे बघत होते. फोन वाजला. त्यांनी 'थोड्या वेळाने' दाबलं.

पद्माताईंनी स्वयंपाकघर सांगितलं. तिथं पोचल्यावर आवाज आपोआप वर आला. पावडर सांगितली, नथीतला फोटो सांगितला, शेजारणी सांगितल्या. फोन वाजला. अंगठा टेकला. बोलता बोलता त्यांचा हात टेबलावर असा थडथडत होता की डॉक्टरांची पेनं हलत होती, आणि कुणीच तो हात धरला नाही. दरवाज्याबाहेर रांग कान देऊन ऐकत होती, आणि आतला शब्दन् शब्द बाहेर पोचत होता. ओळखीच्या माणसांपर्यंतही.

फोन वाजला. धनपालांचे डोळे भरले होते, पडदा दिसत नव्हता. चाचपडत त्यांनी बटण शोधलं. खालचं. 'थोड्या वेळाने.'

पद्माताई क्षणभर त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"कुठं होते मी?"

"चहा," धनपाल म्हणाले. "चहाचं राहिलंय. ते पण सांग."

"सांगणारच आहे," पद्माताई कडाडल्या. "तुम्ही मला शिकवू नका!"

डॉक्टरांनी पंखा बंद केला, सगळं नीट ऐकू यावं म्हणून.